करपलेल्या खिरीचे आभार

एकदा एक शिष्य होता, आणि आभार मानण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. सकाळी उठला की भूमीचे आभार, आंघोळीला उतरला की पाण्याचे, ऊन पडलं की उन्हाचे, आणि नाही पडलं तर ढगांचे. एकदा पायात काटा रुतला तेव्हा तो दुसऱ्या पायात रुतला नाही म्हणून त्यानं काट्याचेसुद्धा आभार मानले होते. नाव त्याचं भार्गव. खाडीच्या काठावरच्या एका लहानशा आश्रमात तो एका वृद्ध आचार्यांपाशी शिकत होता, आणि कृतज्ञता हा त्याचा त्या वर्षीचा अभ्यास होता.

आचार्यांनी नुसता विषय दिला होता. व्रत त्यानं आपणहून घेतलं. वर्षभर कशालाही नाव ठेवायचं नाही, जे समोर येईल त्याला उत्तम म्हणायचं, आणि तेही मनापासून. अन्नाला तर मुळीच नाव ठेवायचं नाही, कारण अन्नाला नावं ठेवू नयेत हे त्याला गुरूच्याही आधी घरानं शिकवलं होतं. तुमच्याआमच्या घरांनीही आपल्याला ते शिकवलेलंच असतं, आणि त्यात वाईट काही नाही. शिकवण चांगलीच असते. आपण तिचं काय करतो, हा प्रश्न वेगळा.

आचार्य हे सगळं पाहत आणि काही बोलत नसत. ते मुळातच मितभाषी. जेवताना एकेक घास इतका सावकाश चावत की भार्गवाचं जेवण आटोपून, हात धुऊन, अन्नाचे, शेतकऱ्याचे आणि बैलाचे आभार मानून झाले, तरी आचार्यांचा पहिला भात चाललेला असे. दातांचा दोष असावा, असं भार्गव मनात म्हणे आणि लगेच स्वतःच्या धडधाकट दातांचे आभार मानी.

आश्विन लागला. भातं पिकली, खाडीच्या दोन्ही अंगांना पिवळा रंग उतरला, आणि पलीकडच्या काठावरून भार्गवाच्या थोरल्या भावाचा निरोप आला. नवान्न पौर्णिमेला, म्हणजे नवा तांदूळ पहिल्यांदा घरात शिजतो त्या दिवशी, गुरुजींना घेऊन जेवायला यावं. भाऊ जनार्दन नारळाचा व्यापारी, घरची भातशेतीही तोच बघे. माणूस हिशेबी, पण सणाच्या दिवशी हात सैल सोडणारा. भार्गव सुखावला. वर्षाचा अभ्यास पुरा होत आला होता आणि आपल्याच घरात, आपल्याच माणसांमध्ये गुरूंना तो पाहायला मिळणार होता.

पौर्णिमेच्या पहाटे ते होडीत बसले. खाडीवर धुकं इतकं दाट होतं की होडी पाण्यावरून चालली आहे की धुक्यातून, ते कळेना. वल्ह्याचा आवाज यायचा, पण वल्हं दिसायचं नाही. मधेच एखादा माड धुक्यातून वर डोकं काढायचा आणि पुन्हा विरून जायचा. आचार्य डोळे मिटून बसले होते. भार्गवाला वाटलं, आपण घरी जात नसून घरच कुठूनतरी तरंगत आपल्याकडे येतं आहे. त्या अर्धवट झोपेसारख्या अवस्थेत त्याला चुलीपुढे बसलेली आई दिसली, तिच्या हातातला पळी फिरवण्याचा संथ वेग दिसला.

दारात आई उभी होती, आणि तिला पाहून तो थबकला. ती फार वाळली होती. बांगड्या मनगटावर न राहता पार कोपरापर्यंत सरकल्या होत्या.

"आई, काय हे? किती खराब झालीस."

"वय झालं रे," आई म्हणाली. "आत या. गुरुजी, पाय धुवायला पाणी ठेवलंय."

ती आत वळल्यावर भावजय सुमती हळूच पुढे आली. "जेवतच नाहीत त्या, भावजी. श्रावणात ताप येऊन गेला, तेव्हापासून हे असं. पान वाढून घेतात आणि दोन घास चिवडून उठतात. वैद्यांना दाखवलं. नाडी चांगली आहे म्हणाले. विचारलं तर म्हणतात, इच्छा नाही. असंच चाललं तर पुढच्या नवान्नाला त्या..." तिनं वाक्य पुरं केलं नाही.

भार्गवाला भीती वाटली. पण भीती वाटणं हेही एका अर्थी असमाधानच, असं त्याच्या व्रतात बसत होतं. म्हणून आई अजून आहे याबद्दल त्यानं देवाचे आभार मानले आणि तो ओटीवर जाऊन बसला.

सणाचा स्वयंपाक त्या घरात आईचा एकटीचा असे. सोवळं नेसून ती चुलीपुढे बसली की पुढचं सगळं तिचं. सुमतीनं उंबऱ्याबाहेर बसून नारळ खवायचा, जनार्दनानं भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान आणि कुरडूचं फूल एकत्र गुंफून त्याचं तोरण, ज्याला 'नवं' म्हणतात, ते दाराला बांधायचं, आणि स्वयंपाकघरातून बोलावणं येईपर्यंत थांबायचं. नैवेद्य दाखवेपर्यंत अन्नाची चव बघायची नाही, एवढंच नव्हे, तर मुद्दाम वासही घ्यायचा नाही, असा आईचा कडक नेम. मीठ, गूळ, सगळं हाताच्या अंदाजानं. तो अंदाज उभ्या आयुष्यात कधी चुकला नव्हता. गावातल्या बायका आपल्या सुनांना सांगत, हात असावा तर तिच्यासारखा.

ऊन वर आलं. धुकं निघून गेलं, पण घरात चुलीच्या धुराचं दुसरं धुकं भरलं. हळदीच्या पानांत पातोळ्या उकडत होत्या. वालाला फोडणी पडली. नव्या तांदळाच्या खिरीत नारळाचा रस पडला आणि सगळं घर त्या वासात हळूहळू बुडत गेलं. भार्गव डोळे मिटून सूर्याचे, मेघांचे, नांगराचे आणि मातीचे आभार मानत होता. आभार मानता मानता त्याला एक वेगळा वास आला. काहीतरी करपत होतं. त्यानं डोळे न उघडता अग्नीचेही आभार मानले. उंबऱ्याबाहेर सुमतीचा खवणीवरचा हात थांबला. तिनं चुलीकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि मान खाली घालून ती पुन्हा खवू लागली. आई चुलीपुढे शांतपणे ढवळत होती.

नैवेद्य झाला. केळीची पानं मांडली गेली. आचार्य मधल्या पाटावर, त्यांच्या एका बाजूला जनार्दन आणि दुसऱ्या बाजूला भार्गव बसला. आईनं स्वतः वाढलं. नव्या तांदळाचा भात, वालाचं बिरडं, भोपळ्याची भाजी, आमसुलाचं सार, पातोळ्या, आणि प्रत्येकाच्या पानाशी खिरीची वाटी. मग ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिची नजर एकेकाच्या तोंडावर फिरत होती.

भार्गवानं खिरीचा घास घेतला. करपट वास थेट नाकात चढला. नवा तांदूळ मुळात चिकट, तो तळाला धरला होता आणि ढवळताना करपलेलं सगळं वर आलं होतं. खीर म्हणजे नुसता धूर झाली होती. त्यानं तो घास गिळला, आणि आपला चेहरा जराही बदलला नाही याचा त्याला मनातून अभिमान वाटला.

"कशी झालीय?" आईनं विचारलं.

"नेहमीसारखी," जनार्दन पानावरची नजर न उचलता म्हणाला.

"भार्गवा, तू सांग. तू आश्रमातला, तू खोटं बोलायचा नाहीस. खरं सांग, कशी झालीय?"

"अमृत झालीय, आई," भार्गव म्हणाला. "अशी खीर मिळते हे आमचं भाग्य. तुझे उपकार कसे फेडायचे?"

आईच्या चेहऱ्यावर काहीतरी मालवलं. भार्गवाला ते दिसलं, पण कळलं नाही. त्याला वाटलं, स्तुतीनं ती संकोचली.

"हो का," एवढंच ती म्हणाली आणि आत जायला वळली.

"माई," आचार्य म्हणाले. त्यांनी वाटी खाली ठेवली होती आणि त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "खीर करपली आहे."

जनार्दनाचा घास हातातच राहिला. भार्गवाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ज्या गुरूंपाशी आपण कृतज्ञता शिकलो, त्यांनी आपल्याच आईच्या अन्नाला, सणाच्या दिवशी, भर पंगतीत नाव ठेवावं? त्याला पानावरून उठून जावंसं वाटलं. त्याच्या व्रतात पहिल्यांदाच त्याला कुणाचे तरी आभार मानता येईनात.

आई मात्र परत वळली होती. ती दोन पावलं पुढे आली. "करपली? नक्की?"

"नक्की, माई. तळाला लागली आणि सगळीत उतरली. वास इथपर्यंत येतोय."

"मला येत नाहीय," आई म्हणाली. "मला कसलाच वास येत नाहीय, गुरुजी."

ती तिथंच उंबऱ्यावर बसली. पदर डोळ्यांना लावला आणि मग जे बोलू लागली ते थांबेचना. श्रावणात ताप आला, पडसं झालं, ते गेलं, आणि त्या दिवसापासून तोंडात घातलेलं सगळं मातीसारखं लागू लागलं. आधी तिला वाटलं, आपल्या हातून बिघडत असेल. गणपतीत विचारलं, सगळे म्हणाले छान. दसऱ्याला विचारलं, सगळे म्हणाले छान. "सगळ्यांना गोड लागतंय आणि मला एकटीलाच माती. मग मी काय समजायचं? मला वाटलं, अन्नानंच मला टाकलं. माझं दाणापाणी संपलं म्हणून ते माझ्याशी बोलेनासं झालं. मग उगाच कशाला खायचं? ज्याची चव आपली राहिली नाही ते ओरपायचं कसं?"

"सासूबाई," सुमती म्हणाली, "मला गणपतीपासून कळत होतं. कधी फोडणी जळायची, कधी भात तळाला लागायचा. पण तुमच्या हाताला मी कुठल्या तोंडानं नाव ठेवू?"

"मीही काही बोललो नाही," जनार्दन म्हणाला. "म्हटलं, एवढं राबतेस, तुला कशाला दुखवायचं."

आचार्यांनी आईकडे पाहिलं. "माई, तापानं तुमचं नाक गेलंय. अन्न तुम्हाला सोडून गेलेलं नाही. ते तुमच्या पानात होतं तसंच आहे. नाक कधी परत येतं, कधी वेळ लावतं. पण रुसलं कुणी नाही तुमच्यावर."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू आलं, डोळे पुसता पुसताच. "म्हणजे नुसतं नाकच," ती म्हणाली. "मी आपली जायची तयारी करून बसले होते."

"आता ती खीर थोडी आणखी वाढा," आचार्य म्हणाले आणि त्यांनी वाटी पुढे केली.

आईनं वाढली. आचार्यांनी ती करपलेली खीर आपल्या नेहमीच्या संथ गतीनं, वाटीच्या तळापर्यंत संपवली. भार्गवाला हे आणखीनच कोडं झालं. नाव ठेवलं ते ठेवलं, मग पुन्हा मागून घेतली कशासाठी?

जेवणं झाल्यावर आचार्य पोफळीच्या बागेत जाऊन बसले. दुपार सुस्तावली होती. पाटाचं पाणी जात होतं आणि वरून उन्हाचे कवडसे त्या पाण्यात पडून थरथरत होते. भार्गव त्यांच्याजवळ येऊन बसला.

"गुरुजी, माझं चुकलं कुठं? मी आभारच मानले होते."

"कशाचे मानलेस?"

"खिरीचे."

"पानात करपलेली खीर होती. तू अमृताचे आभार मानलेस. अमृत कुणी केलंच नव्हतं, तर ते आभार पोचणार कुणाला?" आचार्य थोडं थांबले. "भार्गवा, तुझ्या जिभेवरून नवा तांदूळ गेला, पण तुझी नि त्याची भेट झाली नाही. घास तोंडात जायच्या आधीच तुझं 'उत्तम' तयार होतं. ते तुझ्या व्रतासाठी होतं, तुझ्या आईसाठी नव्हतं. ती दारात उभी राहून विचारत होती. आई जेव्हा मुलाला 'खरं सांग' म्हणते, तेव्हा ती कौतुक मागत नसते रे. ती अंधारात चाचपडत होती आणि कुणीतरी हात द्यावा म्हणून विचारत होती. तुम्ही सगळ्यांनी मिळून तिला गोड शब्द दिले आणि त्या शब्दांवर ती उपाशी राहिली."

भार्गवानं खाली पाहिलं. त्याला रडू आलं आणि त्यानं ते आवरलं नाही.

"मग तुम्ही ती पुन्हा का मागून घेतलीत?" त्यानं डोळे पुसत विचारलं.

"कारण करपटीच्या खाली सगळं होतं," आचार्य म्हणाले. "तुझ्या भावाच्या शेतातला तांदूळ होता, सुमतीनं खवलेला नारळ होता. आणि काहीच कळत नसताना, नुसत्या हाताच्या सवयीवर, एक बाई सकाळभर ढवळत बसली होती, तेही होतं. मला ते लागलं. लागलं म्हणून मागून घेतलं. आभार मानायचे तर आधी चव घ्यावी लागते. मग दोष कळला तरी आभार कमी होत नाहीत."

एवढं बोलून त्यांनी पोफळीच्या बुंध्याला पाठ टेकली आणि डोळे मिटले. त्यांच्यालेखी विषय संपला होता.

भार्गव उठला आणि सरळ स्वयंपाकघरात गेला. संध्याकाळी चंद्र उगवला की त्याला नैवेद्य दाखवायचा होता, आणि आई पुन्हा खीर करायला घेत होती. पण तिचा हात गुळाच्या डब्यावर थबकला होता. आयुष्यात पहिल्यांदा तिचा स्वतःच्या अंदाजावर विश्वास राहिला नव्हता.

"मी बसू इथं?" भार्गवानं विचारलं. "वास आला की सांगेन."

"नैवेद्याआधी वास घ्यायचा नसतो."

"मी घेणार नाही. आपण होऊन आला तर सांगेन फक्त."

आईनं क्षणभर विचार केला आणि पाट पुढे सरकवला. सुमतीला तिनं उंबऱ्याच्या आत बोलावलं. जनार्दनालाही आंघोळ करून यायला सांगितलं, आणि ज्यानं नारळ फक्त मोजले होते त्या माणसाच्या हातात तिनं रस पिळायला कापड दिलं. त्यानं निम्मा रस धोतरावर सांडला. आई त्याला ओरडली, सुमती तोंड फिरवून हसली, आणि त्या घरात कित्येक दिवसांनी चुलीपाशी गडबड झाली. भार्गव डोळे उघडे ठेवून बसला होता. आता पाणी आटलं, तो सांगायचा. आता तांदळाचा वास आला. आता थोडी आच कमी कर, आई, तळाला काहीतरी बदललं. आणि आई लाकूड मागे ओढायची. भांड्यात शुभ्र, जाड बुडबुडे सावकाश उठत होते नि फुटत होते. बाहेर उजेड निळा होत गेला. भार्गवाला पहाटेच्या होडीत दिसलेली आई आठवली. ती यापेक्षा फार दूरची होती.

माडांच्या मागून चंद्र वर आला, खाडीवर त्याची लांब वाट पडली. नैवेद्य झाला आणि सगळे अंगणात बसले. आचार्यही बागेतून उठून आले. आईनं सगळ्यांना खीर दिली आणि स्वतःची वाटी हातात घेऊन भार्गवासमोर बसली. तिच्या वाटीत थोडीशीच होती.

"सांग," ती म्हणाली.

भार्गवानं घास घेतला. सवयीनं 'उत्तम' हा शब्द ओठांवर आला होता, तो त्यानं गिळला. घास तोंडात तसाच ठेवला. काय सांगायचं ते त्याला कळेना. वर्षभर इतके आभार मानून त्याच्याकडे खिरीच्या एका घासाला पुरतील एवढेही शब्द नव्हते. त्यानं डोळे मिटले.

"आधी गूळ लागतो," तो चाचरत म्हणाला. "थोडा खारा आहे. मग नारळाचा रस येतो, तो सगळ्या तोंडात पसरतो, नि गुळाचा खारेपणा जातो. तांदूळ मऊ आहे, पण मधे अजून धरून आहे, दाताखाली जाणवतो. आणि एक वास आहे, आई. सकाळी दंवात पेंढा भिजलेला असतो ना, तसा. तो जुन्या तांदळाला नसतो."

आईनं घास तोंडात घातला होता. ती चावत होती आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"आणि जायफळ?"

"जायफळ शेवटी येतं. घास गिळल्यावर."

"जास्त झालंय?"

भार्गव थांबला. "किंचित जास्त झालंय."

"वाटलंच मला," आई समाधानानं म्हणाली. "किसताना हात पुढे गेला होता." आणि तिनं दुसरा घास घेतला, मग तिसरा. तो सांगत राहिला, ती खात राहिली. तिची वाटी रिकामी झाली तेव्हा सुमतीनं न विचारता पळीभर खीर आणखी वाढली, आणि आईनं हात आडवा केला नाही.